पेजेचं वजन

मित्रांनो, मी एक जुना लटकता काटा आहे आणि मला जवळजवळ सगळ्याच गोष्टींची किळस येते. वर एक हूक, खाली एक हूक आणि मध्ये घड्याळासारखी गोल तबकडी, असा माझा देह. तबकडीवर पंचवीस किलोपर्यंत घरं आहेत, एक घर शंभर ग्रॅमचं. काही लोक मला घड्याळ समजून वेळ बघायला यायचे. त्यांना मी शून्य वाजल्याचं दाखवत असे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तेलकट हात, तेलकट फडकी, तेलकट डबे, यापलीकडे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिथून मी गोंडपिपरीला बाबूभाईंच्या दुकानात आलो. बाबूभाई जंगलातला माल घेत. मोहफुलं, डिंक, चारोळी, असं सगळं माझ्या हुकाला टांगलेल्या बांबूच्या टोपलीत येई. मोहफुलांचा वास तुम्ही सलग सहा वर्षं घेतला आहे का? घेऊ नका. चारोळीला मात्र वास नसे, म्हणून मी तिचा आदर करत असे. ती खायची वस्तू आहे हे मला माहीत नव्हतं. मला वाटे, रस्त्यावर टाकायची ती बारीक गिट्टी असावी.

बाबूभाईंची एक सवय होती. मोहाची टोपली टांगण्याआधी ते मूठभर फुलं घेऊन दाबत. हात ओला झाला की माल पुन्हा उन्हात पसरायला लावत. मी असताना या माणसाला मुठीची गरज का पडावी, हे मला कळत नसे. मी मनातल्या मनात त्यांच्यावर रुसलो होतो.

मग अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात आत जंगलातल्या एका टोल्यावरून, म्हणजे लहानशा वस्तीवरून, अंगणवाडीच्या रंजीताबाई आल्या. त्यांचा काटा गंजून एकाच जागी अडकला होता. त्यामुळे टोल्यातली सगळी मुलं चार महिने नेमकी नऊ किलोची होती. बाबूभाईंनी मला काढून टोपलीसकट बाईंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "घ्या, चांगला हाय. पन बाई, काटा वजन सांगते, माल नाई सांगत. ओलं असंन तं वाळू द्याचं, मंग तोलाचं."

लेकरांना वाळवायचं कसं, असा प्रश्न बाईंच्या चेहऱ्यावर होता.

मित्रांनो, अंगणवाडीपुढे मोहफुलं म्हणजे अत्तर होतं. माझ्या टोपलीत रोज नवं लेकरू बसे आणि रोज काहीतरी ठेवून जाई. शेंबूड. अर्धा चावलेला पोंगा. एकाने तर जिवंत बेडूक आणला होता, बेडकासकट त्याचं वजन नोंदलं गेलं. सू तर विचारूच नका. बांबूच्या फटींतून ती खाली गळे, पण वास माझ्याकडे वर येई.

दर महिन्याला बाई प्रत्येकाचं वजन एका कार्डावर मांडत. कार्डावर रेघा होत्या. वय वाढेल तशा त्या वर चढत. वजन तिसऱ्या रेघेखाली असलं की लाल खूण होई आणि त्या लेकराला दुप्पट आहार मिळे. बुधरीची मंगली दोन वर्षांची होती आणि भरली सात किलो शंभर. लाल खूण. तिचे दंड माझ्या हुकाएवढे होते आणि पोट गाडग्याएवढं. तिला उचलताना बाईंचे ओठ घट्ट मिटत.

पुढच्या महिन्यात बुधरी मंगलीला घेऊन सगळ्यांच्या आधी आली. बाईंनी नेहमीप्रमाणे मंगलीच्या अंगावरचं सगळं उतरवलं. वाळे, ताईत, कमरेच्या करदोड्यातला तांब्याचा पैसा. टोपली टांगली. मी सात किलो तीनशे दाखवले. रेघेच्या वर!

बाई हसल्या. लाल खूण गेली, म्हणजे दुप्पट आहारही गेला, आणि त्यांनी तसं लिहायला पेन उघडलं. बुधरी भिंतीकडे बघत होती.

तेवढ्यात मंगलीने सू केली. थोडीथोडकी नाही. टोपलीखाली ओढा वाहू लागला. मी किळसेने डोळे मिटणार होतो, पण मला डोळे नाहीत. माझा काटा मात्र खाली सरकला. एक घर. दोन घरं. सात किलो शंभर.

बाईंनी आधी काट्याकडे, मग जमिनीकडे पाहिलं. मग टोपलीत हात घालून मंगलीचं पोट हळूच दाबलं. अगदी मूठभर मोह दाबावा तसं.

"काय पाजलंस बुधरी?"

"पेज."

"किती?"

"सकाळपासून पाजून राह्यली बाई. लाल खुनेच्या लेकराले चंद्रपूरले दवाखान्यात नेतेत म्हने. धानाची रोवनी चालू हाय, मी कशी जाऊ तिच्यासंगं? लेकरू एकटं कसं राहीन तिथी?"

कोणी नेणार नव्हतं. ती टोल्यातली नुसती आवई होती. बाईंनी ते तिला दोनदा सांगितलं. मग पेन बंद करून सांगितलं की पेज म्हणजे पाणी, त्यात थोडा तांदूळ पोहून गेलेला. वाटीभर पातळ पेजेत तीस-चाळीस कॅलरी. एवढ्याशा चमचाभर तेलात पंचेचाळीस. लेकराचं पोट वाटीएवढं, ते पाण्याने भरलं की बाकीच्याला जागा कुठे? म्हणून पेज घट्ट शिजव, तेल सोड, डाळ घोट, शेंगदाणे कुटून टाक.

"शेंगदाने कुठी हायत माह्याकडे?"

"चार हाय ना घरी?"

"ते तं बाबूभाईले द्याची हाय."

"सगळी नोको देऊ. रोज मूठभर फोड, वाट, तिच्या पेजेत टाक. त्याच्यात तेलच तेल हाय."

चार म्हणजे चारोळी. माझी गिट्टी! सहा वर्षं मी ती क्विंटलांनी तोलली आणि शहरातल्या खिरींकडे पाठवली. जिच्या घरची ती होती, तिचं लेकरू पाणी पीत होतं. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

बाईंनी कार्डावर सात किलो शंभर लिहिलं. लाल खूण राहिली, दुप्पट आहार राहिला.

होळीच्या सुमाराला मंगली पुन्हा टोपलीत बसली. या वेळी ती बसताना हूक करकरला. साडेआठ किलो. बुधरीने श्वास धरला, बाईंनी पेन उचललंच नाही, आणि दोघी थांबल्या. मंगलीने त्यांना फार वेळ थांबवलं नाही. पुन्हा ओढा वाहिला. मी दोन घरं खाली आलो आणि तरीही रेघेच्या बराच वर राहिलो. तेव्हा कुठे बाईंनी लिहिलं.

आज मी गंजलो आहे. टोपलीचा वास अजून गेलेला नाही. मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवा, पण एकट्या माझ्यावर ठेवू नका. घरचं चांगलं ते आधी घरच्या लेकराच्या वाटीत पडू द्या. आणि लेकराला तोलायला आणण्याआधी एकदा मागच्या अंगणात नेऊन आणा. ही माझी अगदी खाजगी विनंती आहे.