कॅमेऱ्यात शिरलेली भावकी

मार्गशीर्षात नीलाबाई न्हाणीघराच्या दारात घसरून पडल्या. मोडलं काही नाही, पण त्यांच्या लेकाला, शिवकुमारला, आयतं निमित्त मिळालं. त्याचं लातूरला हार्डवेअरचं दुकान, आणि आईनं उदगीरचं घर बंद करून आपल्याकडं यावं हे त्याचं जुनं तुणतुणं. बाई काही हलेनात. शेवटी मायलेकांत तह झाला. बैठकीत कॅमेरा बसवायचा, लेकानं तो दुकानात बसून मोबाईलवर बघायचा आणि बाईंनी आपल्या घरात राहायचं.

कॅमेरा बसला आणि आठवड्याच्या आत रडायला लागला. चित्र जागच्या जागी थिजायचं आणि वर एक चक्री गरगरत राहायची. नीलाबाई भाजी निवडायला वाकल्या की लातूरला त्या वाकलेल्याच दिसायच्या, चांगला चहा होऊन जाईपर्यंत. मग फोन यायचा.

"अव्वा, बरी हाईस ना? हलून राहिली न्हाईस तू."

"मी हलून राहिले रे बाबा. तुझा डबा हलंना."

असं चार-पाचदा झाल्यावर लेकाचा धीर सुटला. "आईतवारपर्यंत चित्र नीट चाललं तर ठीक," तो म्हणाला, "न्हाईतर मी गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव."

सामान बांधून ठेव म्हणे. नवरा गेल्यावर ज्या घरात एकटीनं दिवाबत्ती केली, उन्हाळे काढले, सणवार केले, ते घर एका चक्रीपायी सोडायचं? नीलाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. देव्हाऱ्यापासून परसापर्यंत हे घर त्यांचं होतं आणि त्यातून त्यांना कोणी उठवणार नव्हतं, पोटचा लेक असला तरी. पदर खोचून त्यांनी नेटवाल्या मल्लिनाथला फोन लावला.

"काकू, नेटचा डबा कुठं ठेवलाव?" त्यानं विचारलं.

कुठं म्हणजे? शहाणी बाई जिथं ठेवील तिथं. बैठकीत वायरी लोंबलेल्या बऱ्या दिसत नाहीत, म्हणून तो स्वयंपाकघरात मांडणीच्या मागं, स्टीलच्या डब्यांच्या आड ठेवला होता. वर पाल चढू नये म्हणून मोठं पातेलंही पालथं घातलं होतं. मल्लिनाथला फोनवरच हसू फुटलं. स्टीलनं नेट अडतं म्हणाला. बाईंनी स्टुलावर न चढता, काठीनं वायर ओढून, डबा बैठकीच्या खिडकीत आणून बसवला. चित्र सुधारलं, पण पुरतं नाही. मल्लिनाथनं सांगितलं तसं चित्राची बारकाई कमी केली. तरी मधूनच चक्री फिरायचीच.

मग बाईंनी लक्षच ठेवलं. आपल्या मोबाईलवर आपलंच घर लावून त्या दिवसभर बघत राहिल्या. पहाटे चित्र कसं झुळझुळ चालायचं. पूजेला बसल्या की अडकायचं. मधे सगळं ठीक. शेजारची धुरपताबाई चहाला आली की पुन्हा अडकायचं. ती गेली की मोकळं. बाईंनी मल्लिनाथला पुन्हा गाठलं.

"बघण्याजोगं काही असलं की अडकतं बघ हे. कामून?"

मल्लिनाथनं कधी कधी अडकतं ते विचारून घेतलं. मग तो म्हणाला, "काकू, तुमच्या घरातून बाहेर जाणारी नेटची वाट लई बारीक हाय. एकानं बघितलं तर चालतंय. लई जणांनी एकदम ओढलं की तुंबती. कोणकोणाचे फोन जोडलेत ते बघा बरं." ते कुठं बघायचं तेही त्यानं सांगितलं.

बाईंनी बघितलं. शिवकुमार. सूनबाई मनिषा. इथवर ठीक. मग लातूरच्या नणंदबाई, अक्का. दयानंद भाऊजी. मनिषाची आई. अहमदपूरचा पुतण्या. पुढंही होतेच. त्यांच्या बैठकीत अख्खी भावकी येऊन बसली होती, आणि ज्यांच्या घरात बसली होती त्यांनाच पत्ता नव्हता.

आत्ता उलगडा झाला. धुरपताबाई पलंगावर बसते, हे अक्काला कुणी सांगितलं, याचं त्यांना मागच्याच आठवड्यात नवल वाटलं होतं. त्याच आठवड्यात फोनवर अक्का असंही म्हणाली होती, "नीला, पूजेला इष्टलिंग हातावर घेतीस तव्हा हात थरथरून राहिला तुझा. आता पाटावर ठेवून पूजा कर." बाईंना वाटलं, अक्का वयानं मोठी, अंदाजानं बोलली असंल. अंदाज कसला? मोबाईल हातात धरून बघत होती. पूजेच्या वेळी तळहात, लिंग आणि आपण, चौथं कोणी नसतं. तिथं ही माणसं चहा पीत डोकावत होती. बाईंना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा संताप जास्त आला.

त्यांनी लेकाला फोन लावला.

"अव्वा, काळजीपोटीच केलं गं," शिवकुमार चाचरत म्हणाला. "मी दुकानात गिऱ्हाईकात असतो. म्हणून ग्रुपवर पासवर्ड टाकला. कोणी ना कोणी लक्ष ठेवील म्हणून. घरचेच तर हायत सगळे."

"मी का पीक हाय, आळीपाळीनं राखणीला बसायला? तुला बघू दिलं, कारण तू पोटचा. आत्याला माझा हात दाखव म्हणून मी तुला सांगितलं होतं काय?"

फोन चालू ठेवूनच बाईंनी एकेक नाव काढायला सुरुवात केली. मनिषाची आई गेली. भाऊजी गेले. अक्काच्या नावावर त्यांनी बोट जरा जास्तच जोरात दाबलं. मग पासवर्ड बदलला आणि नवा फक्त लेकाला सांगितला. राहिला फक्त शिवकुमार.

"आता बघ," त्या म्हणाल्या.

लातूरला चक्री थांबली. "एकदम साफ दिसून राहिलं, अव्वा," लेक हरखून म्हणाला. "तुझा चष्मासुद्धा दिसतोय. आता आईतवारी गाडी आणत न्हाई, बघ."

"गाडी आण की. जेवायला या सगळे. पण थांब जरा."

बाईंनी कॅमेरा वायरीसकट उचलला, आतल्या बोळकांडीत नेला आणि न्हाणीघराच्या दारासमोरच्या फळीवर ठेवला. शिवकुमारला आता नुसती ओली फरशी दिसत होती, आणि कोपऱ्यात उभी केलेली बादली.

"अव्वा, हे काय? इथं तर तू दिवसभर दिसणारच न्हाईस."

"पडले तर दिसीन," नीलाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून बैठकीत पूजेला बसल्या.