उशिराचं कारण

"सूज कधीपासून आहे?" डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून विचारलं.

नऊ वर्षांच्या मयूरीच्या खालच्या जबड्यात आवळ्याएवढी काळी पोकळी दिसत होती. तिच्या कडेला हाड कांद्याच्या सालीइतकं पातळ उरलं होतं. मयूरीच्या आईची, संयोगिताची, नजर तिथून हलेना.

"चार महिने," ती म्हणाली.

"मग इतके दिवस काय केलंत?"

तिच्या सासूबाई, बनुबाई, तीनदा म्हणाल्या होत्या, पोरीला सांगलीला दाखवू. संयोगितानंच गालगुंड असेल म्हणून उडवून लावलं होतं. बी.एड.ची परीक्षा तोंडावर होती. आंबेहळदीचा लेपही तिनंच सुचवला होता, पलूसच्या त्या घरात आपण एकट्याच शिकलेल्या, या तोऱ्यात.

"आत्ती लेप लावत होत्या," शेजारच्या सासूकडे न बघता ती बोलून गेली. "जुन्या वळणाच्या आहेत. ऐकत नाहीत."

आता म्हातारी तोंड उघडेल, असं तिला वाटलं. बनुबाईंनी नातीच्या डोक्यावरचा हातसुद्धा काढला नाही.

"व्हय डाक्टर," त्या म्हणाल्या. "माजंच चुकलं."

डॉक्टर मग त्यांनाच समजावू लागले. हाड पोखरणारी ही गाठ लहान असताना काढली असती, तर पोकळी आपसूक भरली असती. आता जागा तशीच सोडली तर जबडा मोडायची भीती. कमरेचं हाड काढून भरता येतं, पण एवढ्याशा जिवाला ती दुसरी जखम. त्यांनी टेबलावर एक बुटकी बाटली ठेवली. आत रव्यासारखे पांढरे दाणे होते. हाडात असतो त्याच क्षाराचे, पुण्याहून मागवलेले. ते पोकळीत भरायचे, मग त्यांच्या आधारानं मयूरीचं स्वतःचं हाड धरत जाईल. धरेलच, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

"त्यापरीस माजं हाड घ्या की," बनुबाई म्हणाल्या. "मला आता कशाला लागतंय?"

तसं चालत नाही, म्हणून डॉक्टर हसले आणि केसपेपरवर इंग्रजीत लिहू लागले. संयोगितानं उलट्या बाजूनंच वाचलं: आजीच्या घरगुती उपचारामुळे उशीर. अजूनही सांगता आलं असतं. तिनं संमतीची सही केली, खाली तारीख घातली, १२ जुलै १९९६.

व्हरांड्यात आल्यावर बनुबाईंनी हळूच विचारलं, डाक्टरनं काय लिवलं.

"ऑपरेशनचं."

"आन उशिराचं?"

संयोगिता केसपेपरची घडी घालू लागली.

"माज्या नावावर घातलंय न्हवं? बरं झालं. शंभूराज पल्टनीतनं सुट्टीवर आला की समदे कागूद बघतोय. पोरीचा बाप त्यो, लय तापट हाय. तुला बोलला असता."

संयोगिताचे ओठ हलले. पण बनुबाई मयूरीला घेऊन पुढं निघाल्या होत्या, गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून पोरीच्या सुजलेल्या गालापुढं आपला तळहात आडवा धरून.