कालची एक चांगली गोष्ट

दुकान उघडायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं आणि प्रत्येकाने कालची एक चांगली गोष्ट सांगायची, हा नियम नव्या मॅनेजरने आणला. त्यासाठी फळा आला, तीन रंगांचे मार्कर आले. मॅनेजर वयाने मापकाकूच्या भाच्याएवढा. कडक इस्त्रीची पँट आणि चेहरा कायम नुकताच धुतल्यासारखा. ‘अ‍ॅटिट्यूड पॉझिटिव्ह हवा’ हे तो दिवसातून इतक्यांदा म्हणे की त्याच्यामागे सगळे त्याला ‘उजेड’ म्हणू लागले.

मापकाकू हे काकूचं दुकानातलं नाव. चपला-बुटांच्या त्या दुकानात तिची अकरा वर्षं गेली होती. गिऱ्हाईक दारातून आत आलं की पायांकडे एक नजर टाकून ती नंबर सांगे, आणि तो चुकत नसे. मग खोका काढायचा, खाली बसायचं, बूट चढवायचा, अंगठ्यापाशी दाबून बघायचं, उठायचं. हे दिवसातून पस्तीस-चाळीस वेळा. बसताना एक गुडघा कुरकुरे, उठताना दोघेही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ‘खाली बसणं बंद करा.’ मग नोकरीचं काय, हे काकूने विचारलं नाही. बाईंना कशाला अडचणीत टाका.

दुकानात कामाची खुर्ची एकच होती. बिल करणारेसुद्धा उभे. माल बदलून देण्याच्या काउंटरवर कॉम्प्युटर खालच्या टेबलावर बसवलेला, म्हणून तिथे तेवढी खुर्ची. तिथे लोक भांडायलाच येत, त्यामुळे ती जागा कुणाला नको असे. काकूच्या मात्र स्वप्नात ती खुर्ची येई, चाकांसकट. तिथली मुलगी पुढच्या महिनाअखेर सोडून जाणार होती. काकूने जागा मागितली तेव्हा उजेड म्हणाला, “काकू, तिथे सगळे चिडलेले येतात. ज्याचा अ‍ॅटिट्यूड सगळ्यात चांगला, त्यालाच तिथे बसवणार. मी रोज सकाळी ऐकतोच आहे.”

झाली का पंचाईत. दुसऱ्या सकाळी गोलात पाळी आली तेव्हा काकूचा आदला दिवस असा गेला होता : एका बाईने सतरा जोड काढायला लावून ‘बघू नंतर’ म्हटलं होतं, एका गृहस्थाने ओला मोजा तिच्या मांडीवर टेकवून फोनवर अर्धा तास गप्पा मारल्या होत्या, आणि डबा खायला ती साडेतीनला गेली होती. यातलं चांगलं काय निवडायचं?

“काल एक रिटायर्ड मास्तरीणबाई आल्या होत्या,” तिच्या तोंडून निघून गेलं. “पाय सुजलेले. मी बूट चढवले, त्या उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, पोरी, आज पहिल्यांदा माझे पाय माझ्यावर रागावलेले नाहीत.”

उजेडने ते वाक्य फळ्यावर हिरव्या मार्करने लिहिलं.

दोन दिवसांनी गोडाऊनवाल्यानेच विचारलं, “काय काकू, मास्तरीणबाई फिरकल्या का?” काकूने त्यांना आठवड्यातून दोनदा आणायचं ठरवलं. जास्त आणलं असतं तर संशय आला असता. हळूहळू बाईंना एक मांजर झालं, परदेशी गेलेला एक अबोल मुलगा झाला. काकूलाही त्या आवडायला लागल्या. खरं तर अख्ख्या दुकानात तिच्याशी नीट बोलणारं गिऱ्हाईक तेवढं एकच होतं.

आणि एका सोमवारी उजेड फुलून म्हणाला, “काकू, तुमची गोष्ट मी हेड ऑफिसला पाठवली होती. शनिवारी मॅडम येताहेत फोटोग्राफर घेऊन. बाईंना बोलवा. सगळ्या शाखांत फोटो लागणार. खुर्चीचंही त्याच दिवशी पक्कं करून टाकू.”

त्या संध्याकाळी काकूने भाजीत दोनदा मीठ घातलं. नणंद आपला नवरा गेल्यापासून काकूकडेच राहायची. तिने पहिल्याच घासाला विचारलं, “वहिनी, काय झालंय?”

काकूने सांगून टाकलं. नणंद चक्क हसली.

“मग मी येते की.”

“वन्सं, तुम्ही चौथी नापास.”

“मास्तरीण व्हायला काय लागतं? एक चष्मा, आणि दुसऱ्याच्या चुका. चष्मा आहे माझ्याकडे. चुका तू पुरवशीलच.”

“उगाच फाटे फोडू नका हं तिथे. वाक्य म्हणायचं नि निघायचं.”

“मांजराचं नाव काय ठेवलंयस?”

“नाव नाही ठेवलं.”

“बघ. पहिली चूक.”

शनिवारी नणंद आली ती अशी, की उजेडने उठून दार धरलं. तिने आल्या आल्या गोडाऊनवाल्याला ताठ उभं राहायला सांगितलं आणि तो राहिलाही. हेड ऑफिसच्या मॅडमनी तिला कोचावर बसवलं, काकूला पायाशी. दिवे लागले.

काकूने नणंदेची चप्पल काढली आणि थबकली. बोटं एकावर एक चढलेली, करंगळीवर जुनं कुरूप. सहा नंबरच्या चपलेत सातचा पाय. चौदा वर्षं एका घरात वावरलेला हा पाय, आणि सगळ्या गावाची मापं काढणाऱ्या बाईने तो कधी पाहिलाच नव्हता.

“वन्सं,” ती पुटपुटली, “अहो, सात नंबर लागतो तुम्हाला.”

“असू दे गं,” नणंद तोंड न हलवता म्हणाली. “तुझ्या गुडघ्यांचं बघ आधी.”

“बाई, तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात?” मॅडमनी विचारलं.

नणंदेने वाक्य व्यवस्थित म्हटलं. पण तेवढ्यावर थांबेल तर ती नणंद कसली. चष्म्यावरून बघत ती म्हणाली, “आणि आणखी एक सांगते. हिचे गुडघे गेलेत. हिला खाली बसवत जाऊ नका. तुमच्याकडे ती खुर्ची आहे ना, ती द्या हिला.”

काकूने मान खाली घालून नाडी घट्ट ओढली. मॅडमचे डोळे मात्र भरून आले. “किती ही आपुलकी,” त्या म्हणाल्या आणि फोटोग्राफरला आणखी जवळून घ्यायला सांगितलं.

दोन आठवड्यांनी दारात माणसाच्या उंचीचा फोटो लागला. वर नणंद, खाली काकू, मध्ये सात नंबरचा बूट. ‘आमच्याकडे तुमच्या पायांना घरचं माणूस भेटतं.’ लोक फोटो बघत आत येत आणि म्हणत, ‘त्या काकूंनाच बोलवा.’ चाळिसाचे साठ झाले. रिकाम्या खुर्चीवर बिलातली एक मुलगी बसवली. तिला ती नको होती. भांडणं ऐकून ती रोज स्टाफरूममध्ये रडून यायची.

काकू उजेडच्या केबिनमध्ये गेली.

“साहेब, खुर्ची मला द्यायचं ठरलं होतं.”

“काकू, आता तुम्हाला मागे बसवलं तर फोटोचं काय? मॅडम रोज आकडे विचारतात.” त्याने मान वर केली नाही.

“ती मास्तरीण नाही. माझी नणंद आहे. मास्तरीण कुणी आलीच नव्हती.”

त्याने एक मार्कर उघडला आणि बंद केला.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “आपल्याकडे असं कोण बोलतं? पण काकू, मी वरच्यांना रोज एक चांगली गोष्ट पाठवायची असते. माझ्याकडेही नसते.”

काकूला त्याचा राग यायला हवा होता. तेवढंही त्राण उरलं नव्हतं. “उद्या काय सांगू मग?” तिने विचारलं.

“जे असेल ते.”

दुसऱ्या दिवशी गोलात तिची पाळी आली. “काल काही चांगलं झालं नाही,” ती म्हणाली. “त्रेसष्ट वेळा खाली बसले. घरी गेल्यावर जिना चढवला नाही म्हणून पायरीवरच बसून राहिले.” उजेड फळ्यापाशी उभा होता. त्याने काही लिहिलं नाही.

दुपारी गर्दी झाली. एक जाडजूड गृहस्थ फोटोकडे बोट दाखवून कोचावर बसले आणि त्यांनी पाय पुढे केला. काकूने मांडणीला धरून वाकायला सुरुवात केली, तोच उजेडने तिला बाजूला केलं आणि आपली इस्त्री सांभाळत खाली टेकला. त्याने उजवा बूट डाव्या पायात घालायचा प्रयत्न केला. गृहस्थ कळवळले. काकूने वरून सांगितलं, “साहेब, तो उजवा. आणि आधी नाडी सैल करा. टाच नंतर.”

बूट एकदाचा चढला. उजेड उठला तेव्हा त्याच्या गुडघ्याचा आवाज दोघांनीही ऐकला. त्याने धूळ झटकली, घाम पुसला.

“रोज असंच?” त्याने विचारलं.

“रविवारी जास्त,” काकू म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा खोका काढायला वळली.