धक्क्यावरची पट्टी

ज्या बंदराच्या भरती-ओहोटीची कोष्टकं ती बावीस वर्षं तयार करत होती, ते बंदर तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिचं कार्यालय समुद्रापासून रात्रभराच्या प्रवासाइतकं लांब; तिथं पाणी यायचं ते आकड्यांतून. आता बंदरातल्या जुन्या दगडी पुलाची दुरुस्ती झाली होती, संध्याकाळी पाहुण्यांची बोट त्याखालून जाणार होती, आणि समारंभाचं आमंत्रण तिलाही होतं. ऐन ओहोटीला बोटीचं छत आणि कमानीचा माथा यांत बेचाळीस सेंटिमीटर जागा राहील, हा आकडा तिचाच होता.

सोबतीला वहिनी आली होती. वहिनी शिवणकाम करायची. सुट्टी क्वचित घ्यायची, पण घेतली की पुरेपूर उपभोगायची. उतरल्या उतरल्या तिनं फर्मान काढलं: तटबंदी, दीपगृह, जुनी जकात कचेरी, सगळं संध्याकाळच्या आत. तटबंदीवर दोघी तासभर फिरल्या. तोफांच्या खाचांतून समुद्र चौकोनी तुकड्यांत दिसत होता, आणि आपल्या आकड्यांना खारा वास असतो हे तिला नव्यानंच कळत होतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दोघी धक्क्याच्या पायऱ्यांशी आल्या. भिंतीवर पाण्याची उंची दाखवणारी पितळी पट्टी होती. तिनं ती सहज वाचली. दोन मीटर वीस. कोष्टकाप्रमाणे या वेळी एक मीटर नव्वद हवं होतं. तिनं वाकून पुन्हा वाचलं. तेच.

गणलेलं आणि मोजलेलं यांत फरक पडला तर मोजलेलं खरं, हे कार्यालयात तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. वारा पडलेला, आकाश स्वच्छ. पाणी उगाच चढायला काही कारण नव्हतं. यंदाच तिनं सगळी कोष्टकं नव्या संगणकावर घेतली होती. त्यात कुठेतरी तीस सेंटिमीटर गिळले गेले असतील, तर पुलाखाली उरतात बारा. शेजारून एखादी होडी जोरात गेली, तर तेवढेही नाहीत.

जकात कचेरीत वहिनी कोरीव दरवाजे दाखवत होती आणि ती हं हं म्हणत होती. दीपगृहाच्या विसाव्या पायरीवर वहिनी थांबली.

“वन्सं, तुम्ही मघापासून पाय नाही, आकडे मोजताय. काय झालंय?”

तिनं सगळं सांगितलं. वहिनीनं विचारलं, की हे आणखी कुणाला माहीत आहे का. कुणालाच नाही, ती म्हणाली. पण सांगावं लागेल, म्हणजे समारंभ मोडेल, आणि बावीस वर्षांच्या कामावर पाणी पडेल.

वहिनी खाली उतरायलाही लागली होती. “माझं माप चुकलं तर गिऱ्हाईक घरी येऊन ओरडतं. तुमचं चुकलं तर पाहुण्यांच्या डोक्यावरचं छत जाईल. चला, आधी सांगून टाकू.”

बोट चालवणारा तांडेल साठीचा होता, कठड्याला रंगाचा शेवटचा हात देत होता. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं: कोष्टकं मी करते, ती चुकली आहेत असं दिसतंय, आज बोट पुलाखालून नेऊ नका. त्यानं कुंचला डब्यावर आडवा ठेवला.

“कुठली पट्टी बघितली बाई? पायऱ्यांवरची?”

तिनं मान डोलावली.

“तिच्यावर आता फक्त समुद्रपक्ष्यांचा भरवसा,” तो म्हणाला. मागच्या वर्षी पायऱ्या नव्यानं बसवल्या, तेव्हा पट्टी काढावी लागली. भिंतीतली वरची भोकं फुटली म्हणून गवंड्यानं पट्टी खाली सरकवून ठोकली; तेव्हापासून ती पाणी जास्तच दाखवते. बंदरातले सगळे तिच्या कोष्टकावर चालतात, पट्टीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं. तिघं पायऱ्यांवर गेले. पट्टीच्या वर, चुन्याखाली, बुजवलेली दोन भोकं होती. वहिनीनं पिशवीतून शिवणाची टेप काढली आणि जुन्या भोकापासून नव्या खिळ्यापर्यंत ताणली.

“पावणेबारा इंच.”

एकोणतीस पूर्णांक आठ सेंटिमीटर. तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच ओल्या पायरीवर बसली आणि तिला हसू आवरेना. वहिनीलाही, कपडे भिजतील असं म्हणता म्हणता.

हसून झाल्यावर मात्र तिनं तांडेलाला झापलं. बाहेरची होडी येऊन ही पट्टी वाचेल तेव्हा काय? पट्टीवर गोणपाट बांधून घेतल्याशिवाय ती तिथून हलली नाही. तो निमूटपणे गाठी मारत पुटपुटला, की बंदराच्या साहेबांपेक्षा बाई कडक आहेत.

सहाला बोट निघाली. पाहुणे छताखाली बाकांवर दाटीवाटीनं बसले होते. तांडेल मागच्या उंच फळीवर उभा होता, सुकाणू धरून, छत त्याच्या छातीशी. कमान जवळ आली तशी वहिनीनं तिचं मनगट पकडलं. बोट सावलीत शिरली, इंजिनाचा आवाज दगडांवर आदळून दुप्पट झाला. तिनं मागं वळून पाहिलं. तांडेलानं मान झुकवून, मोकळ्या हाताचं कोपर छतावर टेकवून हात सरळ उभा धरला होता; कोपरापासून बोटांपर्यंत बेचाळीसेक सेंटिमीटर. माथ्याखालून जाताना त्याची बोटं दगडांना जेमतेम घासत होती.