एका गाडीपुरती जागा

सारख्याच प्रिय असलेल्या दोन वस्तूंपैकी एकीला निरोप देण्याची वेळ येते, तेव्हा मनुष्य निवडीची कारणे त्या वस्तूंमध्ये शोधू लागतो. स्वतःकडे पाहणे त्याला नकोसे वाटते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या वृद्ध आल्डन ट्वेटची त्या शनिवारी हीच अवस्था झाली होती. शेत विकले गेले होते. आता तो गावात मुलीकडे, रिनेकडे, राहायला जाणार होता. आणि तिच्या गॅरेजात एकाच गाडीपुरती जागा होती.

कोठारासमोर दोन्ही गाड्या उभ्या होत्या. आल्डनच्या वडिलांची १९३० सालची फोर्ड, काळी, उंच, बारीक चाकांची; आणि त्याने स्वतः घेतलेली १९६६ची इम्पाला, निळी, ऐसपैस.

"इम्पालाच ठेवू," आल्डन म्हणाला. "गिअर आपोआप पडतात, सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं. फोर्डमध्ये हाडं खिळखिळी होतात."

"आजोबांच्या गाडीला नावं ठेवताय? बाबा, ताप-बिप नाही ना?" रिने हसली. "चला, दोन्हींतून एकेक फेरी मारू."

इम्पाला मक्याच्या शेतांमधून तळ्यातल्या होडीसारखी जाऊन आली. मग तो फोर्डमध्ये बसला, रिने शेजारी. या गाडीत गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो. फाटकापाशी दुसऱ्यांदा क्लच दाबताना त्याचा डावा गुडघा वळलाच नाही. गिअर करकरले, गाडी बंद पडली.

"असं कधीपासून होतंय?"

"थंडीपासून," तो समोर पाहत म्हणाला. "जी चालवता येत नाही, ती उराशी धरून काय करू?"

"तुम्हाला येत नाही, एवढंच ना? मला शिकवा."

वडिलांनंतर चालकाच्या त्या जागेवर त्याने कोणालाही बसू दिले नव्हते, पत्नीलासुद्धा. आता तो दार उघडून, गाडीला हात टेकत, पलीकडच्या बाजूला गेला.

"करकरलं तर ओरडायचं नाही हं," ती सरकून त्याच्या जागी बसत म्हणाली.

"ओरडणार. तुझे आजोबा माझ्यावर ओरडले होते. घराण्याची रीत आहे."

गिअर पुन्हा पुन्हा करकरले. तो ओरडला नाही. अखेर गिअर बिनआवाज पडला आणि फोर्ड डौलाने रस्त्याला लागली.

"इम्पालाला गिऱ्हाईक बघ," तो हळूच म्हणाला. "रोज फिरवणारा हवा."

परक्या दारी जाणाऱ्या गाडीला मायेचे हात लाभोत. आणि राहिलेल्या गाडीतून या बापलेकीला दीर्घकाळ सुखाचा प्रवास घडो.