नितळ पाण्याचा अंदाज

ओढ्यावरच्या पुलाखाली यंत्र बसलं, तेव्हा ताई शेजारपाजारी सांगत सुटली होती, "आमच्या धाकटीचं काम आहे ते."

धाकटी पाणी तपासणाऱ्या कचेरीत होती. बाटलीतल्या नमुन्यातले जंतू मोजायचे, तर ते प्रयोगशाळेत वाढेपर्यंत दिवस जातो. तोवर पोरं पोहून घरी गेलेली असतात. यंत्र मात्र पाण्याचा गढूळपणा, तापमान आणि क्षार सतत मोजायचं. जुन्या नमुन्यांशी मेळ घालून धाकटीने जंतूंचा अंदाज बांधला होता. त्यात सगळा भर गढूळपणावर. त्यावरून काठावरचा दिवा लाल किंवा हिरवा व्हायचा.

त्या दिवशी पाणी काचेसारखं नितळ होतं. दिवा हिरवा. क्षारांचा आकडा तेवढा सकाळपासून चढत होता. सेन्सरवर शेवाळ धरलं असेल, उद्या जाऊन पुसू, असं म्हणून धाकटी दुसऱ्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी बघते तर सेन्सर स्वच्छ. काठाकाठाने ती वर चालत गेली. वळणापलीकडे मैल्याची नळी तडकली होती. गाळ खडीत अडकत होता आणि विरघळलेले क्षार, जंतू घेऊन वरून नितळ दिसणारं पाणी ओढ्यात उतरत होतं.

तिने कचेरीत कळवून दिवा लाल करायला लावला आणि ताईला फोन केला. "पोरगी कुठेय?"

"झोपलीय. काल पोहून आल्यापासून मलूल आहे. का गं?"

आधी ताप, मग रक्ताचे जुलाब, मग लघवी बंद. भाचीच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. इस्पितळाच्या बाकावर ताई खालमानेने म्हणाली, "हिरवा होता म्हणून पाठवलं मी तिला."

"ताई, तो अंदाज असतो गं."

"दिवा लावलास तेव्हा अंदाज म्हणाली नव्हतीस."

कचेरीतल्या साहेबांनी समजूत घातली, "कुठलाही हिशेब कधीतरी चुकतोच."

"हिशेब चुकला, साहेब. पण क्षारांचा तो चढता आकडा मी डोळ्यांनी बघितला होता."

तिने क्षारांना वजन देऊन हिशेब नव्याने मांडला. दिवा काढून टाका म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

भाची वाचली. पण आता तिचं रक्त यंत्रावर शुद्ध करावं लागतं. धाकटीच गाडीने नेते. भाची पुढे बसून काहीबाही बोलत असते. ताई मागे बसते आणि उतरताना फक्त पुढची वेळ सांगते.