नैवेद्य होईपर्यंत

सकाळी अंघोळ झाल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. ह्यांच्या आजारपणात धरलेलं व्रत आहे. ह्यांना बरं वाटलं की सोडायचं, असं तेव्हा मनात होतं. हे गेले, मग सोडायचं कधी ते ठरलंच नाही, म्हणून बारा वर्षं चालू आहे. साधारण सहा ते नऊ. घरात सगळ्यांना सवय झालीय. दूधवाल्याला मी बोटांनी सांगते, अर्धा लिटर की एक. कुणी अनोळखी दारात आलं तर पाटीवर लिहून दाखवते. माझ्या नातीची, स्वरदाची, जुनी पाटी त्याचसाठी देवघराखाली ठेवलेली असते, पेन्सिलीसकट.

हे आधीच सांगितलं, कारण पुढचं ऐकून कोणी म्हणेल, बाई, तुमचं मौन होतं, तुम्ही तरी काय करणार. पाटी होती.

माझी सून रुचिरा मुलुंडच्या कोर्टाजवळ एका वकिलांकडे टायपिंगला आहे. नऊ वर्षं झाली. नोटिसा, प्रतिज्ञापत्रं, पोटगीचे अर्ज सगळं तीच तयार करते, सही तेवढी वकिलांची. दीड वर्षापूर्वी, दिवाळीनंतर, ती म्हणाली, मला एलएलबी करायचंय. त्याला आधी सीईटी द्यावी लागते. माझा मुलगा नितेश जेवत होता. तो पाणी प्यायला आणि मग बोलला.

"एकदा दे. लागला नंबर तर ठीक. नाही लागला तर विषय खल्लास. मग स्वरदाला भाऊ म्हणा, बहीण म्हणा, काय ते बघू. चौतिशी आली तुझी."

"चालेल," रुचिरा म्हणाली. "एकदाच देते."

"आई, तू साक्षीदार हां," तो माझ्याकडे बघून हसला. "उद्या वकीलसाहेब शब्द फिरवतील."

फॉर्म त्यानेच भरला. नंबर त्याचा, ईमेल त्याचा. "तुझ्या ऑफिसात नेटवर्कची बोंब. ओटीपी येईस्तोवर मुदत संपेल." मला त्यात काही खटकलं नाही. घरातलं सगळंच त्याच्या नंबरावर आहे, वीज, गॅस, माझं बँकेचं खातंसुद्धा.

रुचिरा कामावरून सातला यायची. दिवाबत्ती झाली की आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसायचो. मी बिरड्याचे वाल सोलायला घ्यायची आणि तिचं जाडजूड पुस्तक मांडीवर ठेवून प्रश्न वाचायची. ती पोळ्या लाटता लाटता उत्तरं द्यायची. बरोबर आलं की सोललेला वाल वाटीत, चुकलं की बाजूला सालींच्या ताटलीत. शेवटी वाटीतले वाल मोजायचे. रोज काही वाल नसायचे. मग गवारीच्या शेंगा, नाहीतर लसणीच्या पाकळ्या. पण वालाच्या दिवशी तिला जोर यायचा.

"एकशे वीसपैकी एक्क्याऐंशी! आई, चौघांना पुरेल का बिरडं?"

"तुझी मार्कं वाढल्याशिवाय नाही पुरायचं गो."

त्या पुस्तकात एक प्रकार असतो. आधी कायद्याचं तत्त्व देतात, मग एक प्रसंग, मग चार पर्याय. आपल्याला काय वाटतं ते विचारत नाहीत. दिलेलं तत्त्व लावायचं आणि उत्तर द्यायचं. मला तो प्रकार आवडायचा. एकदा आलं होतं: नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. मात्र बोलणं हे त्या माणसाचं कर्तव्य असेल, किंवा त्याचं गप्प राहणं हेच बोलण्यासारखं असेल, तर ती फसवणूक. प्रसंग असा, की 'अ'ने आपली जुनी स्कूटर 'ब'ला विकली. ब्रेक धड नाहीत हे त्याला ठाऊक होतं, 'ब'ने विचारलं नाही, ह्याने सांगितलं नाही.

"फसवणूक नाही," रुचिरा लाटणं न थांबवता म्हणाली.

"अगं, पण ब्रेक!"

"विकत घेणाऱ्याने बघून घ्यायचं, आई. पण 'ब' त्याची स्वतःची मुलगी असती तर फसवणूक. घरच्या माणसाला सांगायलाच पाहिजे."

"आणि मुलीने विचारलं, बाबा, ब्रेक नीट आहेत ना, आणि ह्याने नुसती मान हलवली तर?"

ती हसायला लागली. "मग तर संपलंच. मान हलवणं म्हणजे बोलणंच. तुम्हीच द्या सीईटी, आई."

तो वाल मी वाटीत टाकला. पुढे कितीतरी दिवस मला त्या हसण्याचा अभिमान वाटत होता.

पेपर वैशाखातल्या एका रविवारी होता. प्रवेशपत्र नितेशने ऑफिसातून छापून आणलं होतं. पेपर दुपारी दोनला, केंद्र भांडुपचं एक कॉलेज. आमच्याकडून रिक्षाने पंचवीस मिनिटं. रुचिरा पहाटेच उठून स्वयंपाकाला लागली होती, दुपारी आमचं जेवण अडायला नको म्हणून.

सातला मी देवांना गंध-कुंकू लावत होते. देवघराशेजारी एकच प्लग आहे, तिथे नितेशचा फोन चार्जिंगला होता. तो थरथरला आणि सरकत सरकत निरांजनाकडे यायला लागला. बाजूला ठेवावा म्हणून मी उचलला. हाताला कुंकू होतं, लक्षात आलं नाही. समोर मेसेज. इंग्रजीत होता, पण एवढं मला वाचता येतं. रुचिराचं पूर्ण नाव. सुधारित वेळ, सकाळ. हजेरी साडेसात. गेट बंद साडेआठ. आणि सुरुवातीलाच, आधी कळवल्याप्रमाणे.

त्या 'आधी कळवल्याप्रमाणे'पाशी मी अडले. मागे वळले तर नितेश उभा. टॉवेल खांद्यावर, दाढीचा साबण अर्ध्या गालावर. त्याने माझ्या हातातून फोन घेतला. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. तो थांबेपर्यंत हा गप्प राहिला, मग अगदी हळू म्हणाला,

"आई, तुझं मौन आहे ना? चालू दे."

देवाला हात जोडले आणि खोलीत गेला.

भिंतीवर सात वाजून दहा मिनिटं झाली होती. पाटी माझ्या गुडघ्याला लागत होती. स्वयंपाकघर आठ पावलांवर. मी माळ घेतली.

पावणेआठच्या सुमाराला रुचिरा परडी घेऊन आली. "जास्वंदी राहिली होती बाहेर." माझ्या शेजारी जमिनीवरच बसली. "आज काही वाचायचं नाही म्हणतात, पण हात शिवशिवतायत." मग म्हणाली, "आई, सगळं नीट होईल ना?"

मी मान हलवली. वर-खाली, हो म्हणून.

तिने माझ्या पायांना हात लावला आणि उठली. अजून पाऊण तास होता. रिक्षा नाक्यावरच असतात.

त्या वेळी मनात काय होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मुलाशी वाकडं घ्यायची भीती होती, हे खरं. माझं सगळं त्याच्या हातात आहे. पण तेवढंच असतं तर बरं झालं असतं. मी दहावीनंतर बालवाडीच्या शिक्षिकेचा कोर्स करणार होते. फॉर्म भरला होता. लग्न ठरलं, सासूबाई म्हणाल्या, आमच्यात बायका बाहेर जात नाहीत. मी देवाचं करत बसले आणि लोक म्हणायला लागले, किती शांत, किती सोशिक. त्या सकाळी माळ ओढताना माझ्या मनात आलं, की हिला तरी सगळं का मिळावं. एवढं स्पष्ट आलं. पुढचा मणी ओढला तरी ते गेलं नाही.

साडेआठला मी सातव्या माळेवर होते. त्या दिवशी दोन माळा जास्त केल्या. नैवेद्य सव्वानऊला दाखवला आणि मौन सुटल्यावर पहिलं वाक्य बोलले, "चहा ठेव गं."

बाराला मी तिच्या तळहातावर दहीसाखर घातली. नितेश खाली जाऊन रिक्षा घेऊन आला. "ऑल द बेस्ट, वकीलसाहेब! जामीन लागला तर आमची आठवण ठेवा!" तिने रिक्षातून हात हलवला.

दीडला परत आली. चपला काढल्या, सोफ्यावर बसली, मांडीवर पारदर्शक पाऊच. स्वरदा धावत गेली.

"आई, नापास झालीस?"

"नाही गं. बसलेच नाही." मग नितेशकडे वळली. "गेटवरचा माणूस म्हणाला, मॅडम, आपका तो सुबह था. चार दिवसांपूर्वी मेसेज गेलाय म्हणे सगळ्यांना."

"दिवसाला शंभर मेसेज येतात. कर्ज घ्या, विमा घ्या. बघतो कोण?"

"फोन दे."

"घे ना. शोध." एवढ्या सहज दिला, म्हणजे पुसून झालं होतं.

तिने शोधलं. काही सापडलं नाही. मग तिने फोन उलटा केला. पांढरं रबरी कव्हर होतं, त्यावर बोटांचे लाल ठसे. तिने ठशांवर अंगठा घासला. कुंकू रबरात मुरतं, निघत नाही. तिने फोनकडे पाहिलं, देवघराशेजारच्या प्लगकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. मी भात परतायला आत गेले. वाढायचा साधा भात कोणी परतत नाही.

ती मागोमाग आली. दारातच उभी राहिली.

"आई, एक प्रश्न वाचू?" हातात पुस्तक नव्हतं. "तत्त्व तुम्हाला पाठ आहे. प्रसंग असा, की 'अ' रोज सकाळी मौन पाळते. 'ब' तिला विचारते, सगळं नीट होईल ना. पर्याय सांगा."

माझ्या हातात उलथणं होतं.

"आता दुपार आहे, आई. सुटलंय तुमचं मौन."

"मला काय कळतं गं मोबाइलमधलं," मी म्हणाले.

"मी मोबाइलचं नाव नाही घेतलं," ती म्हणाली. तेवढंच. मग ताटं घेतली.

रात्री जेवताना नितेश म्हणाला, "एकदा म्हणजे एकदा हां. बसली नाहीस हा तुझा प्रॉब्लेम." तिने स्वरदाला वरण वाढलं.

त्यानंतर वर्षभर तिने माझं काही कमी केलं नाही. गोळ्या वेळेवर, उपासाला वरीचे तांदूळ, गुडघ्याला तेल. ते पुस्तक घरातून नाहीसं झालं, मला वाटलं रद्दीत गेलं. सातची यायची ती साडेआठला यायला लागली. "काम वाढलंय," म्हणायची. संध्याकाळी मी एकटी बिरडं सोलते. वाल मोजायचं कारण नाही, तरी मोजले जातात. दुसऱ्या मुलाचा विषय नितेशने काढला की ती डॉक्टरांची तारीख घेते आणि ती तारीख पुढे जाते.

यंदा वैशाखातला रविवार. सातला मी देवांपुढे होते. रुचिरा बाहेर आली, साधा पंजाबी ड्रेस, हातात घड्याळसुद्धा नाही. पारदर्शक पाऊच, त्यात दोन पेन आणि घडी केलेला कागद. तिला बघून मी गंधाची वाटी खाली ठेवली.

"ऑफिसला जाऊन येते," ती म्हणाली. रविवारी.

देवाला हात जोडले. मग माझ्याजवळ वाकली. मला वाटलं, पायांना हात लावतेय. मी पाऊल पुढे केलं. तिने देवघराखालची पाटी उचलली, पेन्सिल उचलली आणि दोन्ही आपल्या पिशवीत घातल्या. दार हळूच ओढून घेतलं. नितेश झोपला होता.

तो आठला उठला. "आई, ही कुठे गेली?"

मी घड्याळ बघितलं. मग त्याला माळ दाखवली.

"हो हो, तुझं मौन," जांभई देत तो चहा शोधायला गेला.

दुपारी ती आली. काही विचारावं म्हणून मी दारापर्यंत गेले. तिने पिशवीतून पाटी काढली, नैवेद्याचं ताट ठेवावं तशी जपून देवघराखाली ठेवली, पेन्सिल वर ठेवली.

"कसा..." मी म्हणाले.

"उद्या दूध एक लिटर घ्या, आई," ती म्हणाली. "बोटाने सांगा. जमतं तुम्हाला."